तिच्या नावाचे थेंब

बायकोचं बारावं झालं त्या संध्याकाळी माझ्या हातात पेला दिला तो तिच्या सख्ख्या भावाने. आमच्या घणसोली गावात दुखवटा असाच काढतात. सोयरे मटण आणतात, बाटली आणतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला मध्ये बसवतात.

मी आधी कधी घेतलीच नव्हती असं नाही. हळदीला, जत्रेला घ्यायचो. पण घरात नाही. तिचा बाप दारूनेच मेला होता, वास आला तरी तिला मळमळायचं. हे तिच्या भावाला माहीत नव्हतं का? त्याच घरात वाढला ना तो?

"घे दाजी, दुख जरा हलका व्हईल," म्हणाला.

पिण्याआधी पेल्यात बोट बुडवायचं आणि गेलेल्याच्या नावाने थेंब जमिनीवर उडवायचे, ही रीत. मी तिच्या नावाने उडवले. मग रोजच तसं सुरू झालं. थेंब तिला, बाकी मला.

ज्यांनी पाजली तेच नाक्यावर बसून म्हणायला लागले, म्हातारा बेवडा झाला. तोंडावर म्हणायची एकाचीही हिंमत नाही. त्यात पोरगा एकदा म्हणाला, "बाबा, आईच्या वर्षश्राद्धाला तुमी प्यायलेले दिसलात तर घरात घेणार नाय. आईचं पान मी ठेवीन."

जन्मभर माझं ताट तिने वाढलं. तिच्या फोटोपुढे एक पान मी ठेवायचं, तेवढंही पोराने काढून घ्यावं? मी खूप आरडाओरडा केला. ते खालच्या खोलीतल्या भाडेकरूने ऐकलं. साताऱ्याकडचा माणूस, टेम्पो चालवतो. सकाळी जिन्यात उभा राहिला.

"काका, रविवारी माझ्यासंगं चला. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असती. मी बी तुमच्यासारखाच हुतो."

माझ्या खोलीत राहून हा मला शिकवणार? म्हटलं, "भाडं वेळेवर दे आणि गप बस."

"भाडं तर दिलंय. आता चला."

गेलो. सेक्टरमधल्या एका शाळेत, शिशुवर्गात भरते ती मीटिंग. भिंतीवर ससा आणि गाजर, आणि खाली पोरांच्या बाकड्यांवर गुडघे छातीला लावून बसलेले आम्ही. एकेक जण उठायचा, मी दारुडा आहे म्हणायचा, आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. टाळ्या कशाच्या? इथे काय बक्षीस समारंभ आहे? एक टॉवरमधला साहेब आपण बायकोला कसं मारलं ते सांगून रडला. मला त्याची दया आली नाही. त्याची बायको जिवंत होती.

माझी पाळी आली. म्हटलं, "मी दारुडा नाय. माझी बायको गेली आणि लोकांनी मला पाजली." बारावं, मेव्हणा, थेंब, सगळं ओकलो. कोणी उलट बोललं नाही. भांडायच्या तयारीने जावं आणि समोरचे नुसते ऐकत बसावेत, यासारखा संताप नाही.

नंतर चहा पिताना भाडेकरूने हळूच विचारलं, "काकी घ्यायच्या का?"

"वेडा आहेस काय? तिला वाससुद्धा सहन व्हायचा नाय."

"मग रोज त्यास्नी का पाजत हुता?"

मी कप तिथेच ठेवला आणि चालत घरी आलो. रस्ताभर त्याला शिव्या घातल्या. उद्याच्या उद्या खोली खाली करायला सांगायची, असं ठरवूनच जिना चढलो. बाटली काढली, पेला भरला, बोट बुडवलं. थेंब उडवता येईना. न उडवता पिता येईना. ओलं बोट तसंच धरून बसलो. मग उठलो आणि सगळी मोरीत ओतली, आणि वास जाईपर्यंत पाणी सोडलं.

पुढच्या रविवारी मीच त्याचं दार वाजवलं. तेव्हापासून जातो. सोपं गेलं असं कोणी म्हणू नये. अंगाला कापरं सुटायचं, झोप उडाली होती. राग कमी होईल असं तिथले लोक म्हणतात. माझा झालेला नाही. मी रागासकट जाऊन बसतो. टाळ्या मात्र अजून वाजवत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पान मांडायच्या आधीच मेव्हणा आला. हातात काळी पिशवी.

"वरीस झाला दाजी. आता दुख काढून टाक."

त्याने तिच्या फोटोसमोरच पेला भरला आणि बोट बुडवलं. मी त्याचं मनगट धरलं.

"तुजी बहीण हाय ती. तिला पाजू नको."

"रीत हाय, दाजी."

"मग तुज्या बापाच्या नावाने उडव. त्याला आवडायची."

तो उठला, बाटली पिशवीत घातली आणि न जेवता निघून गेला. अजून बोलत नाही. नाही तर नाही.

पोरगा आत गेला आणि वाढलेलं पान घेऊन आला. मला वाटलं, आता तोच ठेवणार. त्याने ते माझ्या हातात दिलं. माझे हात इतके थरथरत होते की भाताची शितं फरशीवर सांडली. तो लगेच माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"राग आलाय म्हणून," मी म्हटलं. "सरक बाजूला."

तो सरकला. पान मी ठेवलं.