गुंतवळीची पिशवी

मी देवीपुढे केस मागत होते. लिहिताना हात थबकतो, पण खरं तेच आहे. माझ्यामुळे एका बाईची नोकरी गेली होती, त्याबद्दल मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, आणि देव्हाऱ्यातल्या तुळजाभवानीच्या फोटोसमोर डोळे पुसत होते ते कंगव्यात आलेल्या केसांच्या पुंजक्यासाठी. चाळिशीला टेकलेली मी, दोन शाळकरी मुलींची आई. त्या बाईसाठी तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी कीव करायची वेळ कुणावर यायला नको.

गळती जूनमध्ये सुरू झाली. न्हाताना मोरीची जाळी तुंबायची. कंपनीत आम्हा बायकांना डोक्यावर जाळीची टोपी घालावी लागते. ती शिफ्ट संपल्यावर काढली की आत केसांचं घरटं असायचं, आणि मी ते कुणी बघायच्या आत मुठीत दाबायची. नवरा म्हणाला, "चिखलीचं बोअरचं पाणी आहे, दुसरं काय. सगळ्या सोसायटीचे केस जातायत." त्याने नळाला फिल्टर बसवला. पाण्यावर खापर फुटलं याचा मला मनातून आनंदच झाला. मग जास्वंद झाली, कढीपत्ता घालून उकळलेलं खोबरेल झालं, कांद्याचा रस झाला. त्या वासाने धाकटी दोन दिवस जवळ झोपली नाही. केस काही थांबले नाहीत. भांग रुंद होत चालला आणि आरशापुढे मी खोबरेलाच्या बोटाने तो लपवायला शिकले.

विंचरून निघालेले केस इकडेतिकडे टाकू नयेत, असं आई सांगायची. तिची गुंतवळ घराच्या वळचणीला खोचलेली असायची. फ्लॅटला कुठली वळचण, म्हणून मी बाथरूमच्या दारामागे एक कापडी पिशवी अडकवली होती. एरवी ती वर्षभर रिकामीच वाटायची. त्या पावसाळ्यात ती दोन महिन्यांत फुगली. दार लावलं की ती समोर दिसायची.

मग मी नवस बोलले. मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही वार कडक. साबुदाणा नाही, फळ नाही, फक्त पाणी आणि दोन वेळचा कोरा चहा, आणि उपवास सोडायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळीच. केस पूर्ववत झाले की तुळजापूरला जाऊन ओटी भरेन, असं देवीला सांगितलं. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, तशातली गत. पोटाला चिमटा घेतला की मनाला जरा बरं वाटायचं, म्हणून मी तो आणखी घट्ट घ्यायची. लाइनवर उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तेव्हा मला वाटलं, देवी कसोटी बघते आहे. केस मात्र आधीपेक्षा जास्त जाऊ लागले.

श्रावणातल्या एका शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी प्रेमाने माझ्या केसांत गजरा माळायला घेतला. पिन लावली, ती घसरली. दुसरी लावली, तीही घसरली. तिसऱ्यांदा त्यांची बोटं माझ्या टाळूला लागली आणि त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे गं, हातातच घे," म्हणून त्यांनी गजरा माझ्या तळहातावर ठेवला. खोलीत सात-आठ बायका होत्या. सगळ्यांनी ते पाहिलं. मी तो गजरा मुठीत धरून जिना उतरले आणि घरी येऊन देवीवर चिडले. इतके उपवास करते आहे, तरी का, असं तिला विचारलं. विचारायला मला लाज वाटली नाही, हे आता आठवलं की वाटते.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, गल्लीत हाळी आली. "केस हायत का, केस. केसावर भांडी." खांद्यावर बोचकं आणि हातात स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी चालली होती. विंचरलेले केस घेऊन बदल्यात भांडं देणाऱ्या बायका आमच्याकडे अधूनमधून येतात, पण हिला मी आधी पाहिलं नव्हतं. ती पिशवी एकदाची डोळ्यांआड व्हावी म्हणून मी ती घेऊन खाली उतरले आणि म्हातारीला बोलावलं. ती पायरीवर बसली, पिशवी उलटी केली आणि मग भांड्याचं काही न बोलता एकेक केस चिमटीत धरून उजेडाकडे करून पाहू लागली.

"हे एकलीचेच हायत?" तिने विचारलं. मी मान हलवली. "तुटल्यालं न्हाईत. मुळासकट आल्यात. ही बघा, टोकाला पांढरी गाठ. ताप आला व्हता का मोठा? बाळंतपण? घरात कुणी गेलं?"

मी म्हटलं, "यातलं काही नाही. पाणी खराब आहे."

ती हसली. "पान्यानं केस राठ व्हत्यात, तुटत्यात. असं मुळातनं न्हाई येत. माझी हयात गेली केस येचन्यात. मानूस रडतं तवा केस रडत न्हाईत, बाई. केस मागनं रडत्यात. कवापास्नं गळाया लागलं? त्याच्या मागं तीन म्हयनं मोजा. काय झालं व्हतं, तुमालाच ठावं."

तिने टोपलीतली एक लहानशी वाटी माझ्या हातावर ठेवली, केस बोचक्यात कोंबले आणि उठली. जाताना एवढंच म्हणाली, "खात जावा. मूळ मेलं न्हाई. येतील." मी पायरीवरच बसून राहिले. जूनच्या मागे तीन महिने. बोटं मोजायचीसुद्धा गरज नव्हती. मार्च.

मार्चमध्ये, वर्ष संपायच्या आत माल बाहेर काढायची जी घाई असते, ती चाकणच्या कारखान्यांत काम केलेल्याला वेगळी सांगायला नको. मी शेवटच्या तपासणीला होते. प्रत्येक खोक्यातला माल पाहायचा, मग स्लिपवर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा, मग पॅकिंगवाली ती स्लिप खोक्याला चिकटवणार, हा नियम. पण घाई असली की आम्ही स्लिपांवर आधीच शिक्के मारून गठ्ठा तयार ठेवायचो. सगळेच ठेवायचे, आणि सगळ्यांनाच ते माहीत होतं. त्या दिवशी गाडी दारात उभी होती, साहेब दर दहा मिनिटांनी येत होते, आणि मी न पाहिलेल्या खोक्यांकडे बोट दाखवून पॅकिंगवरच्या मंगलला म्हटलं, "लाव गं स्लिपा, माल चांगला आहे."

मंगल माझ्याच तालुक्यातली. ठेकेदाराकडे मीच तिला कामाला लावलं होतं. तिने स्लिपा लावल्या. दहा दिवसांनी ग्राहकाकडून तक्रार आली. सुट्या भागांना पाडलेल्या भोकांच्या कडेला धातूची धार तशीच राहिली होती, आणि तिकडे एका कामगाराचा हात कापला होता. साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मंगल म्हणाली, "ताईंनी सांगितलं म्हणून लावल्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "असं सांगितल्याचं मला आठवत नाही. शिक्के मारलेल्या स्लिपा टेबलावर होत्या." खोटंसुद्धा मी धड बोलले नाही, निसटतं बोलले. मंगलने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिचा गेटपास बंद झाला. मी त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला होता, हे मला स्वच्छ आठवतं.

म्हातारीचं बोलणं खरं की खोटं, हे पाहायला म्हणून मी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी तिच्याबद्दल काही न सांगताच बाईंनी विचारलं, "गळायला लागायच्या दोन-तीन महिने आधी काही झालं होतं का? आजारपण, मोठा धक्का, ताण?" मला हुंदका आवरेना. त्यांनी मला रडू दिलं. मग समजावून सांगितलं, की मोठा ताण आला की वाढणारे बरेच केस एकदम विसाव्याला जातात आणि काही महिन्यांनी मिळून गळतात. मुळं शाबूत असतात, बहुतेकांचे परत येतात, पण कारण मिटावं लागतं आणि धीर धरावा लागतो. उपवासाचं ऐकून मात्र त्या रागावल्या. रक्त तपासलं तर ते कमी निघालं. "केस उगवायचे तर त्यांना अन्न नको का? तुम्ही त्यांचाच घास काढून घेताय." लोहाच्या गोळ्या, डाळी-उसळी, अंडं चालत असेल तर अंडं, पुरेशी झोप, ओले केस विंचरायचे नाहीत, टोपीखाली ओढून बांधायचे नाहीत, कांद्याचा रस बंद. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं माझं चाललं होतं. म्हातारीच्या वाटीत मी रोज मोड आलेली मटकी खाऊ लागले. मंगळवार सोडला. शुक्रवार सोडायची मात्र छाती झाली नाही. नवस मोडला तर, ही भीती होतीच.

कारण मिटावं लागतं, हे शब्द काही केल्या कानातून जाईनात. आठवडाभराने मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते त्रासलेच. "झालं गेलं मिटलंय, आता कशाला उकरताय?" म्हणाले. मी म्हटलं, "माझं मिटलेलं नाही." मला लेखी ताकीद मिळाली, शिक्का काढून घेतला आणि मला स्टोअरला टाकलं. लाइनवरच्या बायका दोन दिवस कुजबुजल्या. मंगलला परत घ्या, असं मी सांगितलं, तर साहेब ठेकेदाराशी बोलतो म्हणाले. ते बोलले की नाही, मला कळलं नाही.

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर मी कंपनीच्या बसमधून भोसरीला उतरले. मंगल तिथे भाड्याच्या एका खोलीत राहते आणि जवळच्या लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला जाते. दार उघडंच होतं. ती स्टोव्हपुढे बसून भाकरी थापत होती. मला पाहून उठली नाही, पण "या ताई" म्हणाली. मी जमिनीवर बसले आणि बोलले. तयार केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, की मी सांगितलं होतं, मला आठवत होतं, मी घाबरले. साहेबांना आता सांगितलं आहे. मला माफ कर म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं.

मंगलने भाकरी उलटली. "तुम्हाला आठवत होतं, ते मला तिथंच कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, दुसऱ्या दिवशी सांगतील. मग वाटलं, आठवड्यानं सांगतील. मग मी वाट बघायचं सोडलं." माझ्याकडे बघून तिने विचारलं, "डोक्याला काय झालं?" मी सांगितलं. उपवासांचंही सांगितलं, आणि आज शुक्रवार, हेही.

तिने तव्यावरची भाकरी काढली. मग थाळीत भाकरी आणि पिठलं वाढून तिने माझ्यापुढे सरकवलं. "देवीसाठी कशाला उपाशी राहता, ताई? उपाशी मी राहिले होते, दोन महिने. काम मिळेपर्यंत. खावा."

माझा नवस होता, शनिवारी सकाळपर्यंत अन्न शिवायचं नाही. मी देवीचं नाव घेतलं आणि घास मोडला. त्या पिठल्यात मीठ जास्त होतं की ते माझ्याच डोळ्यांतलं होतं, कोण जाणे. मंगलने मला माफ केलं, असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. निघताना तिने दार लोटलं नाही, मी वळणावर जाईपर्यंत ती उभी होती, एवढं पाहिलं.

दिवाळीनंतर भांगाच्या कडेला बारीक केस उभे राहू लागले, जावळासारखे मऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यायचेच होते, तुम्ही खायला लागलात, झोपायला लागलात. त्यांचं खरंच असणार. पण त्या गुरुवारी, त्याच गल्लीत, त्याच पायरीवर ती म्हातारी नेमकी आली, हे मी विसरत नाही. मी केस मागत होते, आणि देवीने माझेच केस उचलून मला उजेडात धरून दाखवले. नंतर ती म्हातारी मला कधी दिसली नाही. हाळी ऐकू आली की मी अजून गॅलरीत धावते.

तुळजापूरला जाऊन मी ओटी भरली. या वेळी काही मागायचं नाही, असं ठरवून गेले होते. पण गाभाऱ्यापुढे उभं राहिल्यावर हात आपोआप जुळले. आई, केस दिलेस, ते तुझे, ठेव किंवा ने. केबिनमधल्या त्या दिवसाची लाज मात्र माझ्याजवळच राहू दे, असं मी तिला म्हणाले. महिन्यातून एकदा मी शुक्रवारी भोसरीला उतरते. मंगल वाढते, आणि मी पोटभर जेवते.