येऊरचा न मेलेला वाघ

येऊरच्या डोंगरात वाघ मारल्याची माझी गोष्ट ठाण्या-कल्याणात पुष्कळांनी वाचली आहे. वारली भगत कुऱ्हाड घेऊन वाघाच्या अंगावर जातो, दोघे गडगडत ओढ्यात पडतात आणि भगत एकटाच उठतो. टेंभी नाक्यावर लोक मला थांबवून तो ओढ्याचा भाग म्हणायला लावीत. मीही म्हणत असे, हातवाऱ्यांसकट.

खरी हकिकत अशी. मी तेव्हा जंगल कचेरीत कारकून होतो. माझ्याच वयाचा तो भगत वाट दाखवीत पुढे चालला होता. वळणावर वाघ उभा! मी क्षणात आंब्यावर. धोतर अर्धे खालीच. भगताने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "वाघोबा, आमी आमच्या वाटंनं जातो, तू तुझ्या वाटंनं जा." वाघाने जांभई दिली आणि तो करवंदीच्या जाळीत शिरला.

"उतरा भाऊसाहेब, देव गेला."

"परत आला तर?"

"तर परत चढा. झाड कुटं पळतंय?"

मासिकाच्या संपादकांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "अहो, जांभईसाठी कोण वर्गणी भरील? वाघ म्हटला की झुंज हवी." मला पटले. भगताचा गौरवच होईल असे वाटले. स्वतःला मात्र मी गोष्टीतून वगळले, झाडासकट.

अंक निघाल्यावर संपादकांना घेऊन मोठ्या हौसेने येऊरला गेलो. पाड्यावर सगळ्यांना बसवून वाचू लागलो. ओढ्याचा भाग तर हातवाऱ्यांसकट म्हटला. तशी भगताची बायको म्हणाली, "माज्या घोवानं देव मारला?"

भगत वाघोबाचा पुजारी. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा पाड्याचा नारळ त्याच्याच हातून वाघोबाला चढायचा. वाघ मारणाऱ्याच्या हाताला तो मान नाही. हे मला तेव्हा कळले.

"मी नाय मारला," भगत म्हणाला. "भाऊसाहेब, सांगा की!"

संपादक शेजारीच बसले होते. मी नुसता हसलो. "अरे, गोष्ट आहे ती."

"छापलंय ना?" एका म्हाताऱ्याने विचारले. पाड्यावर छापील कागद यायचा तो सरकारी हुकुमाचा. त्यात कोणी मनचे घालतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्या वाघबारशीला नारळ भगताच्या चुलतभावाने चढवला. पुढच्या वर्षी मला राहवेना. मी पाड्यावर गेलो आणि सर्वांसमक्ष सांगून टाकले, की वाघ मेला नाही आणि मी झाडावर होतो. एकच हशा पिकला.

"झाडावर व्हता ते पटतंय," तोच म्हातारा म्हणाला. "बाकीचं छापून आणा."

केवढेसे काम! पण तोवर गोष्टीचे पुस्तक झाले होते आणि कल्याणला मला शालही मिळाली होती. आज छापू, उद्या छापू म्हणता म्हणता मी म्हातारा झालो. भगतही आता काठी टेकत चालतो आणि वाघबारशीला देवापासून लांब, बांधावर बसतो.

म्हणून हे छापायला देत आहे. येऊरच्या भगताने वाघ मारलेला नाही. झुंज झालीच नाही. ती मी रचली. या वाघबारशीला नारळ त्याच्या हाती द्यावा.