सीना, धूर आणि सविनय निवेदन

मोठ्याचा सीना मऊ होण्यास सकाळपासून संध्याकाळ लागते. गच्ची हातची जाण्यास एक दुपार पुरते. ही दोन्ही कामे मी एकाच शुक्रवारी उरकली.

सीना म्हणजे बैलाच्या छातीचे मांस. गच्ची म्हणजे मस्कतजवळ अल हैल येथील आमच्या इमारतीची. आणि मी म्हणजे सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, टायपिंगच्या दुकानाबाहेर, टेबल मांडून बसणारा अर्जलेखक. लोक मला मुन्शी म्हणतात. (मी स्वतःस प्रारूपलेखक म्हणवतो, परंतु हा शब्द रत्नागिरीपासून मस्कतपर्यंत माझ्याखेरीज कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही.) माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढील शिक्षण मी इतरांच्या तक्रारींवर घेतले.

गच्चीची किल्ली इमारतीच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळेच अर्बाब म्हणतो, सर्वांत वरच्या मजल्याचे भाडेकरू म्हणून आमच्या स्वाधीन केली होती. कागदोपत्री ती माझ्याकडे होती. प्रत्यक्षात ती माझी पत्नी हमीदा हिच्या ओढणीच्या टोकास गाठ मारून बांधलेली असे. रत्नागिरीस सोडून आलेले अंगण हमीदाला त्या गच्चीवर परत मिळाले होते. तिचा कढीपत्ता तिथे, तिचा डब्यात लावलेला शेवगा तिथे, चटईवर वाळत घातलेले कोळंबीचे सोडे तिथे. संध्याकाळी ती समुद्राकडे तोंड करून बसे आणि माझ्याशी दिवसभरात बोलली असेल त्याच्या दुप्पट शेवग्याशी बोले. मी याविषयी कधी हरकत नोंदवली नाही.

या शांततेत प्रथम बोट घातले ते सलीमने. सलीम हा हमीदाचा धाकटा भाऊ; सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फोरमन आहे. त्याच्या अमेरिकन साहेबाने त्यास घरी बोलावून दिवसभर धुरावर ठेवलेला सीना खाऊ घातला, आणि तेव्हापासून त्यास दुसरा विषय राहिला नव्हता.

"दुल्हाभाई, सुरी लावायची गरज नाय. नुसतं बघितलं तरी तुकडा पडतो."

"मग त्याचा गाळ झाला असेल," मी म्हणालो.

"गाळ कसला? आत रस असतो, रस. ब्रिस्केट म्हणतात त्याला. पण राहू द्या. तुमच्याच्यानं नाय व्हायचं ते. त्याला सबूर लागते."

सबूर लागते, हे तो अशा मनुष्यास सांगत होता ज्याचे काही अर्ज मुलगी बालवाडीत असताना दाखल झाले आणि मुलगी अकरावीस पोहोचली तरी निकालाच्या प्रतीक्षेत आहेत. मी शांतपणे पानाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणालो, "पुढल्या शुक्रवारी जेवायला ये. सुरी आणू नकोस."

सलीमने मोठ्या मनाने सोहारच्या वर्कशॉपमधून एक नवा ड्रम आडवा कापून, बिजागऱ्या लावून, वर धुराड्याचा पाइप जोडून पाठवला. सूकमधील खाटकाने सीना देताना माझ्याकडे करुणेने पाहिले. "मुन्शीजी, इसका निहारी बनाओ. धुएँ में काहे को खराब करते हो?" मी त्यास म्हणालो की हा विषय आपल्या आवाक्यातील नाही. (माझ्याही नव्हता, पण ते त्यास कळण्याचे कारण नव्हते.) रस्त्याच्या कडेस ईदच्या सुमारास शुव्यासाठी समरची, म्हणजे इथल्या बाभळीची, लाकडे विकतात, तीही घेतली. शुवा म्हणजे इथले लोक मसाला लावलेले मांस खड्ड्यात पुरून शिजवतात तो प्रकार. तात्पर्य, जमिनीखाली जे होऊ शकते ते गच्चीवर का होऊ नये, असा माझा मुद्दा होता.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाल्यावर मी ड्रम पेटवला. हमीदाने चटईवरचे सोडे एका बाजूस ओढले.

"माझ्या सोड्यांना धुराचा वास लागला," ती म्हणाली, "तर त्यांच्या जागी तुमीच वाळायचं."

तिच्या सोड्यांचा मान राखून मी ड्रमचा पाइप विरुद्ध दिशेस वळवला. आमच्या इमारतीच्या मधोमध हवा खेळण्यासाठी एक चौकोनी पोकळी आहे. सर्व मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या तीत उघडतात. पाइपचे तोंड नेमके तिच्यावर आले. धूर वर जातो, हे मी आठवीत शिकलो होतो. (धूर गार झाला की खाली उतरतो, हे बहुधा दहावीत शिकवत असावेत.)

दुपारपर्यंत सर्व काही यथासांग चालले होते. आमची कन्या सना हिने मांसात खुपसण्याचा तापमापक आणला होता आणि इंटरनेटवरील व्हिडिओ पाहून ती मला मार्गदर्शन करीत होती. आकडा चढत गेला, चढत गेला आणि जुमाच्या नमाजेहून मी परतलो तो थांबलेला. तासाभराने पाहिले, तिथेच. पुन्हा पाहिले, तिथेच.

"बाबा, झाकण उघडू नका ना. इट्स नॉर्मल. त्याला स्टॉल म्हणतात. सगळ्यांचं होतं. फक्त वेट करायचं."

"म्हणजे प्रकरण प्रलंबित आहे," मी म्हणालो.

"प्रलंबित मीन्स?"

"पेंडिंग."

"हां. पेंडिंग. मग काही नाही करायचं."

प्रलंबित प्रकरणी काही करायचे नसते, हे मला माझ्याच मुलीने सांगावे, याचा मला मनस्वी खेद झाला. प्रलंबित अर्जावर एकच इलाज असतो, तो म्हणजे स्मरणपत्र. मी ड्रमच्या पोटात समरची आणखी लाकडे सारली, आणि धूर दाट यावा म्हणून त्यांपैकी काही आधी पाण्यात बुडवली. स्मरणपत्र जोरदार गेले. पाइपमधून जे बाहेर पडू लागले त्यास धूर म्हणणे सौम्यपणाचे ठरेल. आकडा मात्र जागचा हलला नाही.

मी खाली येऊन हातपाय धुतो न धुतो तोच दारावर थाप पडली. दारात खालच्या मजल्यावरचे परब उभे होते. हे सावंतवाडीकडचे, एसी दुरुस्तीच्या कामात असलेले, अतिशय सरळ गृहस्थ. डोळे लाल होते.

"मुन्शीजी, माका एक अर्ज लिवन होयो. आत्ताच्या आत्ता."

"परब, शुक्रवारी मी काम घेत नाही."

"काम नाय हो, संकट आसा. न्हाणीत धूर भरलोहा. बायल आंघोळीक गेली ती खोकत भायर इली. म्हणता, घराक आग लागली."

"धूर कोठून येतो, याचा काही अंदाज?"

"ताच तर कळणा नाय. माका खालच्या कॅफेटेरियावाल्याचो संशय आसा." परब थांबले आणि त्यांनी हवेत नाक फिरवले. "तुमच्या अंगाक पण वास मारता."

"सगळीकडेच पसरला आहे," मी म्हणालो. हे असत्य नव्हते.

वाचकांस वाटेल की इथे मी नकार द्यावयास हवा होता, किंवा सत्य सांगून मोकळे व्हावयास हवे होते. परंतु नकार दिला असता तर परब सूकमधील त्या दुसऱ्या लेखकाकडे गेले असते, जो 'निवेदन' आणि 'विनंती' यांतील फरक जाणत नाही. शिवाय भीती कसली होती? अर्बाबना मी आजवर या इमारतीच्या वतीने लिफ्टबद्दल लिहिले, पाण्याच्या पंपाबद्दल लिहिले, जिन्यातील दिव्याबद्दल दोनदा लिहिले. ते सारे अर्ज त्यांच्या गाडीच्या खणात सुरक्षित आहेत. पंप अजून घोरतो. तेव्हा अर्ज लिहून देणे हाच परबांना शांत करण्याचा सर्वांत निरुपद्रवी मार्ग होता.

मी टेबलाशी बसलो आणि चष्मा लावला. एकदा चष्मा लागला की कोणाविरुद्ध लिहितो आहोत, हा प्रश्न मला गौण वाटतो. इंग्रजी मजकुराचा आशय असा होता: सविनय निवेदन असे की, सदर इमारतीतील कोणी बेजबाबदार व निष्काळजी इसम, शेजाऱ्यांच्या आरोग्याची लेशमात्र पर्वा न करता, विषारी धूर सोडत असून, त्यायोगे स्त्रिया व बालके यांचे जीवित धोक्यात आले आहे. 'लेशमात्र' ला इंग्रजी शब्द सापडला तेव्हा मला समाधान वाटले.

मी परबांना वाचून दाखवले. परबांचा ऊर भरून आला.

"भारी. आता द्या माझ्याकडे."

"थांबा. प्रार्थना राहिली आहे. अर्जात तीन मागण्या नसतील तर तो अर्ज नव्हे, पोस्टकार्ड." मी पुढे लिहिले: एक, दोषी इसमाचा शोध घ्यावा. दोन, धुराचे उगमस्थान असण्याची शक्यता असलेल्या गच्चीस तात्काळ कुलूप लावून किल्ली ताब्यात घ्यावी. तीन, ही कार्यवाही आजच, त्याच दिवशी, पूर्ण करावी.

"गच्चीक कुलूप कित्याक?" परब म्हणाले. "माका नुसतो धूर थांबूचो आसा."

"परब, एसीत कोणती तार कुठे जोडायची हे मी तुम्हाला सांगतो का?"

हमीदाने चहा आणून ठेवला. तिला इंग्रजी येत नाही, हे त्या क्षणी मला फार सोयीचे वाटले. मांस वर प्रतीक्षेत असल्याने मी मजकूर एका पानात आवरला. एरवी माझा अर्ज चार पानांखाली येत नाही. आपल्या लेखनातील हा बदल किती घातक ठरेल याची मला कल्पना नव्हती: अर्बाब आजवर माझे अर्ज वाचत नव्हते, कारण ते लांब असत.

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेनंतर अर्बाब मशिदीतून बाहेर पडत होते, तेव्हा परबांनी अर्ज त्यांच्या हातात ठेवला. अर्बाबनी तो उभ्या उभ्या वाचला. आणि आमच्या इमारतीच्या इतिहासात प्रथमच ते जिने चढू लागले. (लिफ्ट बंद होती. त्याबाबतचा अर्ज त्यांच्या गाडीत आहे.)

मी गच्चीवर तापमापकाकडे पाहत असताना मागे पावले वाजली. अर्बाब, त्यांच्या मागे परब, त्यांच्या मागे हमीदा, तिच्या मागे सना. अर्बाबच्या हातात माझा कागद होता.

"मुन्शी, ये तुम लिखा?"

"जी, अर्बाब."

"माशाल्ला. बहुत अच्छा लिखा. हम पढ़ा, हमको गुस्सा आया." त्यांनी सभोवार पाहिले. "वो आदमी किधर?"

मी ड्रमसमोर उभा होतो. ड्रम माझ्यापेक्षा रुंद होता. माझ्या दोन्ही खांद्यांवरून धूर वर येत होता, आणि तो मग सर्वांच्या देखत, सावकाश, पोकळीत उतरत होता.

परबांनी धुराकडे पाहिले, पोकळीकडे पाहिले, शेवटी माझ्याकडे पाहिले. "मुन्शीजी," ते हळूच म्हणाले, "बेजबाबदार आणि निष्काळजी म्हणजे तुमीच?"

"मजकूर सर्वसाधारण स्वरूपाचा होता," मी म्हणालो.

तेवढ्यात सना ओरडली, "बाबा, नंबर वर गेला. झालं, झालं." या सर्व गडबडीत कोणी झाकणास हात लावला नव्हता, त्यामुळे प्रलंबित प्रकरण आपोआप निकाली निघाले होते. मी झाकण उचलले. सीना वरून कोळशासारखा काळा झाला होता. सुरी लावताच आतून रस वाहू लागला आणि तुकडा आपल्या वजनाने सुटून पडला. सलीम खोटे बोलला नव्हता.

अर्बाबनी एक तुकडा घेतला. चावणे थांबवून त्यांनी आभाळाकडे पाहिले. आणखी एक घेतला. "शुवा माफ़िक," ते म्हणाले, "मगर ज़्यादा नरम." परब वाऱ्याच्या उलट बाजूस सरून उभे होते, हमीदाने त्यांच्यासाठी खालून तळलेली सुरमई मागवली आणि तेही शांतपणे खाऊ लागले. मला वाटले, प्रकरण सामोपचाराने मिटले.

अर्बाबनी बोटे पुसली, अर्ज नीट घडी करून खिशात ठेवला आणि हात पुढे केला.

"चाबी."

"अर्बाब, आपने तो खाया..."

"लहम मुमताज़, गोश्त बढ़िया. खलास. चाबी दो."

"लेकिन अर्बाब..."

"तुम खुद लिखा. सेम डे."

हमीदाने ओढणीची गाठ सोडली. तिने शेवग्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. शेवग्याकडे अधिक ममतेने. सर्वजण खाली उतरलो आणि कुलूप लागले. माझ्या सबंध कारकिर्दीतील हा पहिला अर्ज, ज्याच्या तिन्ही मागण्या अक्षरशः मान्य झाल्या.

सलीम रात्री आला, जेवला, आणि म्हणाला, "दुल्हाभाई, मानलं." हमीदाने त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढले नाही.

किल्ली परत मिळावी म्हणून मी मोजक्या सहा पानांत निवेदन तयार केले. त्याची अजून स्वच्छ प्रत काढत होतो, तोवर हमीदा उरलेला सीना डब्यात घालून अर्बाबच्या बीबीकडे जाऊन आली. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. परत आली तेव्हा ओढणीला गाठ होती.

"काय सांगितलंस तू?" मी विचारले.

"सांगायचं काय? डबा दिला. वरती बोट दाखवलं."

"अट वगैरे?"

"एकच." तिने अर्बाबच्या बीबीची नक्कल केली. "मुन्शी ऊपर नहीं."

तेव्हापासून गच्ची हमीदाची आहे, आता कागदोपत्रीसुद्धा. संध्याकाळी थंड वारा सुटला की मला वर जाण्याची इच्छा होते. मी एकदा तोंडी विचारले. ती सोडे निवडत होती, वर न पाहता म्हणाली, "लिहून द्या."

मी लिहून दिले. सविनय निवेदन, एक पान, तीन मागण्या. तिने ते घडी करून सोड्यांच्या बरणीखाली ठेवले आहे आणि ते अद्याप तिथेच आहे. स्मरणपत्र द्यावे, असे अनेकदा मनात येते. पण मागील वेळी स्मरणपत्राने केवढा धूर झाला, ते मला ठाऊक आहे.