अठ्ठेचाळीस सेकंदांची थाप

चोपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा पोहण्याच्या स्पर्धेचा फॉर्म भरला. पोहायला तशी लहानपणीच शिकले होते, नरखेडकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत. पण विहिरीत कोणी घड्याळ लावत नाही. बुडायचं नाही, एवढाच तिथला नियम.

कोराडीहून नागपूरच्या जलतरण तलावावर सकाळच्या बॅचला येऊ लागून दोन वर्षं झाली होती. पस्तिशीपुढच्या लोकांसाठी एक दिवसाची स्पर्धा आहे, असं सांगून कोचनं फॉर्म हातात दिला. त्यात एक रकाना होता: नोंदणीची वेळ. पन्नास मीटरला तुम्हाला किती वेळ लागतो, तो आकडा. माझा खरा आकडा कोचनं आदल्याच आठवड्यात मोजला होता. एक मिनिट पंचवीस सेकंद. तो लिहिताना हात अडखळला. कोण कोण पाहील हा कागद! स्पर्धेच्या दिवशी अंगात जोर येतोच, अशी मनाची समजूत घातली आणि अठ्ठेचाळीस सेकंद लिहून मोकळी झाले. शंभर मीटरसाठी त्याच हिशेबानं पावणेदोन मिनिटं.

त्या आकड्यावरूनच गट पाडतात, हे स्पर्धेच्या सकाळी भिंतीवरची यादी पाहिल्यावर कळलं. बायका अकराच होत्या, म्हणून सगळ्या वयाच्या एकत्र करून दोनच गट केले होते. आधी हळू पोहणाऱ्यांचा, मग जोरात पोहणाऱ्यांचा. मी दुसऱ्यात. 

मिस्टर मोबाइल सरसावून म्हणाले, "वा, तू तर फास्टवाल्यांत!" मी गॉगल डोळ्यांवर ओढला.

शिटी वाजली. बाकीच्या पाच जणी सुरीसारख्या पाण्यात शिरल्या, मी पोटावर आपटले. पंचवीस मीटरवरची पलीकडची भिंत गाठून मी वळले, तर त्या पाचही जणी पोहून झालेल्या. उरलेल्या तलावात मी एकटी. डोकं वर काढलं की दिसायचं, पाची जणी लेनच्या दोरीला धरून पाण्यातच उभ्या आणि माझ्याकडे पाहताहेत. वाटलं, गंमत बघायला थांबल्या.

भिंतीला हात लागला तेव्हा बाजूच्या लेनमधल्या बाईनं दोरीवरून हात पुढे केला. "छान पूर्ण केलं, ताई."

मी धापा टाकत म्हटलं, "तुम्हाला उगीच थांबावं लागलं."

"थांबायचंच असतं. शेवटची पोहोचल्याशिवाय पाण्यातून निघायचं नाही," ती म्हणाली आणि मग पाची जणी वर चढल्या. त्या चांगुलपणानं मी जास्तच ओशाळले.

नंतर बाहेर मी झणझणीत रस्सा घातलेले तर्रीपोहे खात होते. शेजारी एक तरुण बाई मैत्रिणीला सांगत होती, "अठ्ठेचाळीसच्या आत यायचं होतं यार. खरं तेच एकोणपन्नास लिहिलं, तर पहिल्या गटात पडली. बाजूला कोणीच नाही, जोर लावू तरी कोणासाठी?"

तिची जागा मीच खाल्ली होती. गप्प बसता आलं असतं. पण ते पोहे गिळवेनात. सरळ सांगून टाकलं. ती मोठ्यानं हसली.

"काहून पण, काकू?"

"लाज वाटली गं. दुसरं काय!"

"शंभरमध्ये आहात? मी पण आहे. चला मग टेबलावर!" पोह्यांची प्लेट तशीच ठेवून ती मला ओढत घेऊन गेली.

नोंदी करणारे गृहस्थ चष्म्यावरून पाहत म्हणाले, "यादी निघाली की बदल नसतो."

मी खरी वेळ सांगितली. तीन मिनिटं पाच सेकंद. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वेळ कमी करून द्या म्हणून लोक येतात. वाढवून मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या!" दोघींचीही हरकत नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्या जागांची अदलाबदल केली.

शंभर मीटरच्या पहिल्या गटात माझ्या बाजूला खापा गावाहून आलेल्या एक आजी होत्या. सत्तरी उलटलेल्या. या वेळी मी नजर वर केली की शेजारी त्यांची लाल टोपी असायचीच. कधी मी हातभर पुढे, कधी त्या. शेवटच्या वळणानंतर तर मी श्वास घ्यायचंही विसरले. तरी आजींनी चार बोटांनी मला मागे टाकलं.

टोपी काढत त्या म्हणाल्या, "काहून वं, म्हातारी समजून मले सोडून तर नाही देल्लं?"

"नाही हो आजी, जीव तोडून पोहले!"

"मंग ठीक आहे," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर ओली थाप मारली. आम्ही दोघीही मागच्या एका बाईंसाठी दोरीला धरून थांबलो. त्यांचं डोकं पाण्यावर आलं की टाळ्या वाजवत होतो.

त्यानंतरच्या गटात माझी पोह्यांच्या प्लेटवरची मैत्रीण एक मिनिट त्रेचाळीस सेकंदांत आली, मी थापलेल्या पावणेदोन मिनिटांच्याही आत. पाण्यातूनच तिनं माझ्याकडे पाहून दोन्ही मुठी वर केल्या. मिस्टरांनी मोबाइलमध्ये तिचीच रेस सगळ्यात चांगली घेतली आहे.

आजी आता महिन्यातून एखाद्या रविवारी बसनं आमच्या तलावावर येतात. आल्या आल्या विचारतात, "चाल वं, लावतं का शर्यत?" आतापर्यंत मी दोनदाच जिंकले आहे.