नळीतला तीळ

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी निघाली नाही. तोंडाचीच गोष्ट आहे – म्हणून असेल.

आमच्या मालकांना तंबाखूनं गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनात अर्धा जबडा गेला. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. जेवण नाकातल्या दुसऱ्या नळीतून. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं – तोंडानं पाण्याचा थेंबही नको, श्वासनळीत उतरला तर न्यूमोनिया होईल.

मी चौथी शिकलेली. पण गळ्यातली नळी धुणं, मशीननं कफ ओढणं नर्सबाईंचं पाहून उचललं. वैजापूरचे पाहुणे बघायला यायचे आणि माझे हात बघत बसायचे. सून सुनंदा बारावी झालेली. तिला मी फक्त पाणी उकळू दिलं. गर्व होता? होता. आजही आहे.

मग संक्रांत आली. हा माणूस जन्मभर माझ्यावर खेकसला, आणि आता आवाजच नाही – मला गंमत सुचली. चिमूटभर तिळगूळ त्यांच्या जिभेवर ठेवला. म्हटलं, "घ्या, आता तरी गोड बोला." ते हसले, वाकड्या तोंडानं. आणि खोकला सुटला. थांबेचना.

मी मशीन सोडून मागं सरले. ओरडले, "सुनंदे, आज कफ तू ओढ!"

संध्याकाळी ताप चढला. दवाखान्यात नेलं – न्यूमोनियाच.

"तोंडानं काही दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय."

"मग नळीला हात कुणी लावला?"

मी बोट दाखवलं. "आज हिनं."

हे तरी खरंच होतं ना? हात न धुता नळी धरली म्हणून सुनंदा सगळ्यांसमोर बोलणी खात उभी राहिली. माझा मुलगा कितीतरी दिवस तिच्याशी – स्वतःच्या बायकोशी – बोलला नाही. मी बघत होते.

मालक वाचले. पुढं बरीच वर्षं जगले. म्हातारीनं यमाच्या दारातून ओढून आणलं, असं लोक म्हणाले. मी मान वर करून ऐकलं. सेवा केलीच होती मी – कोण नाही म्हणेल?

पण त्या दिवशी मशीनच्या कफाच्या बाटलीत तीळ होता. पांढरा, अख्खा. मी पाहिला. सुनंदानंही पाहिला. माझ्याकडं एकदा बघून तिनं बाटली धुऊन टाकली.

आता मालक नाहीत. दर संक्रांतीला सुनंदा पाया पडते, माझ्या हातावर तिळगूळ ठेवते. "घ्या आत्याबाई, गोड बोला."

मी तोंडात टाकते. बोलत नाही.