रस्त्यापलीकडचा डोळा

शिडीवर चढलेल्या माणसाला स्वतःचं अक्षर दिसत नाही. नाक बोर्डाला टेकलेलं असतं, त्यामुळे शिरोरेघ खाली घरंगळत चालली तरी त्याला ती सरळच वाटते. म्हणून महाडात आम्हा बोर्ड रंगवणाऱ्यांत एक रीत होती. वरच्यानं हाक मारायची, "डोळा द्या!" मग जवळपास धंद्यातला जो कोणी असेल त्यानं हातातलं काम टाकून रस्त्यापलीकडे उभं राहायचं आणि खरं काय ते सांगायचं. एरवी एकमेकांचं तोंड बघत नसोत, डोळा मागितला की द्यायचा. आणि डोळा देताना खोटं बोलायचं नाही. मुरवतीनंसुद्धा नाही.

ही रीत आपण घालून दिली, असं माझे मास्तर सांगत. पन्नास-साठ सालच्या त्या दिवसांत कुलाबा जिल्ह्याच्या आमच्या टोकाला त्यांच्यासारखं अक्षर काढणारा दुसरा नव्हता, हे मात्र त्यांना सांगावं लागत नसे. बाजारपेठेत मान वर करून चाललं की जिकडेतिकडे त्यांचंच अक्षर दिसायचं. हात देवाचा, जीभ मात्र विंचवाची. मी नाते गावातली शेती थोरल्या भावाच्या गळ्यात घालून त्यांच्याकडे शिकायला आलो, तेव्हा माझी पहिली ओळ बघून ते म्हणाले, "नांगर धरलेला हात आहे. हा लिहिणार नाही, उकरणार." पेठेतले चार लोक हसले. मीही हसलो, कारण रडण्याचं वय उलटून गेलं होतं.

मास्तरांकडे दोन निकाल होते. एक, "पूस." तो ऐकला की टर्पेंटाईनचं फडकं घ्यायचं आणि ओलं असतानाच सगळा बोर्ड कोरा करायचा. एक मात्रा चुकली तरी सगळा. दुसरा निकाल, "राहू दे." याच्यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्या तोंडात नव्हती. दोरी मारून रेघ आखायला बंदी होती. "दोरी सुतारानं मारावी," म्हणायचे. त्यामुळे सगळी भिस्त रस्त्यापलीकडच्या डोळ्यावर. मी वर्षानुवर्षं त्या "राहू दे"साठी झिजलो. मला दुसरं काहीही नको होतं. आई विचारायची, लग्नाचं बघायचं का, तर मी मनात म्हणायचो, आधी मास्तरांच्या तोंडून ते दोन शब्द येऊ देत.

माझ्याबरोबर बिरवाडीचा एक गडी शिकत होता. आम्ही एकमेकांची शिडी धरायचो, एका डब्यातली भाकरी खायचो. त्याचं लग्न झालं आणि सासऱ्यानं कौतुकानं आपल्या दुकानाचा बोर्ड जावयाला दिला. मास्तर डोळा द्यायला गेले. सासरची सगळी माणसं दारात उभी, त्याची नवी बायको पदर सावरून मागे. मास्तरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "पूस. आणि सासऱ्याला सांग, मुलगी दिलीत ती दिलीत, भिंत तरी नासवू नका." त्यानं सगळ्यांसमोर पुसला. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "याचं मी कायतरी करीन रे."

पुढे मला पोलादपूरचं काम मिळालं. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या चहाला थांबत, तिथल्या हॉटेलचा लांबलचक बोर्ड. माझं पहिलं स्वतंत्र काम. मास्तर मुद्दाम एस.टी.नं आले आणि रस्त्यापलीकडे उभे राहिले. मी शिडीवरून ओरडलो, "मास्तर, डोळा द्या!" ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकले. मग म्हणाले, "राहू दे."

मी शिडीवरच रडलो. सांगायला लाज कसली? रंगाचा दुसरा हात दिला, रंग पक्का वाळू दिला आणि दोन दिवसांनी रस्ता ओलांडून लांबून पाहिलं. सगळी ओळ उजवीकडे उतरत गेली होती, घाटातून गाडी उतरावी तशी. एस.टी.चे कंडक्टर "वाकडं हॉटेल" म्हणून हाळी देऊ लागले होते.

मी तणतणत मास्तरांच्या घरी गेलो. म्हटलं, "तुम्हाला दिसलं नाही?" ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "दिसलं की. मुद्दाम म्हटलं. तुला माज चढत होता, तो उतरवला."

डोळा देताना खोटं! ज्यानं रीत घातली त्यानंच ती मोडली, आणि तीही माझ्या पहिल्या बोर्डावर. मी त्यांची पायरी चढणं सोडून दिलं. त्या काळात मी त्यांना इतके शिव्याशाप दिले की माझी जीभही त्यांच्यासारखी झाली.

बिरवाडीच्या गड्यानं मात्र वेगळंच हेरलं होतं. हल्ली मास्तर रंगाचे डबे उघडून नाकाशी नेतात, पेठेत माणूस बोलल्याशिवाय ओळखत नाहीत, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. मला त्यानं काही सांगितलं नाही. एका बाजारच्या दिवशी आम्ही दोघं कापड दुकानाच्या बोर्डावर होतो. बोर्डाला नुसता पांढरा हात दिलेला, खडखडीत वाळलेला. मी शिडी धरून उभा. तेवढ्यात समोरून मास्तर काठी टेकत आले, आणि हा वरून ओरडला, "मास्तर, डोळा द्या!"

मास्तर थांबले. कपाळावर हात धरून त्यांनी वर पाहिलं. सगळी पेठ पाहत होती. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "दुसरं अक्षर पडलंय. उचल!"

बोर्डावर एकही अक्षर नव्हतं. आधी पानवाला हसला, मग सगळेच. कोणीतरी म्हणालं, "गुरूची विद्या गुरूला फळली." मला पोलादपूर आठवलं, आणि तो मुद्दाम खोटेपणा नव्हता हे तिथंच, शिडी धरल्या धरल्या कळलं. त्यांना दिसत नव्हतं. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा त्यांनी माझ्यापुढे दुष्ट म्हणवून घेतलं होतं. माझा सगळा राग त्या क्षणी पातळ झाला आणि मी ओरडलो, "होय मास्तर, पडलंय खरं! उचलतो!"

हसणं थांबलं. मास्तर रस्ता ओलांडून आले. काठी माझ्या हातात दिली, वरच्याला खाली उतरवलं आणि त्या वयात स्वतः शिडी चढले. तेलरंगाचं अक्षर बोटाला लागतं. त्यांनी बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंजा फिरवला. अगदी सावकाश. मग तसाच परत आणला. खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

बिरवाडीच्या गड्याकडे तोंड करून म्हणाले, "तू तयार झालास." मग माझ्यापुढे हात पसरला. "ब्रश दे."

माझ्या खिशातला तो खारीच्या केसांचा ब्रश पोलादपूरचं काम मिळाल्यावर त्यांनीच मला दिला होता, त्यांच्या गुरूंचा. मी दिला. त्यांनी तो चाचपून त्या गड्याच्या हातात ठेवला. त्यानं तो परत पुढे केला. म्हणाला, "मास्तर, हे नको. मी मस्करी केली, माझं चुकलं."

"तू खरं दाखवलंस," मास्तर म्हणाले. "यानं डोळ्याच्या कामात खोटं बोलून दया दाखवली. दया करणाऱ्याच्या हातात अख्खं गाव वाकडं होईल."

मला राहवलं नाही. भरल्या पेठेत विचारलं, "आणि पोलादपूरला तुम्ही 'राहू दे' म्हणालात, ते काय होतं?"

त्यांनी काठी मागून घेतली. "पांढऱ्यावर काळं काहीतरी दिसलं," ते म्हणाले. "तेवढंच." आणि गेले. त्यानंतर त्यांनी मला पायरी चढू दिली नाही. ते वारले तेव्हा मी अंत्ययात्रेच्या गर्दीत मागे उभा होतो. त्यांचा मला आजही राग येतो, आणि आजही मी दोरी मारत नाही.

ब्रश हातातून गेला त्याच आठवड्यात मी पोलादपूरला गेलो. मागोमाग बिरवाडीचा गडी न बोलावता आला, खिशात तो ब्रश. हॉटेलवाला म्हणत होता, असू दे, गिऱ्हाइकांना सवय झालीय. मी ऐकलं नाही. वाळलेला रंग टर्पेंटाईनला दाद देत नाही, म्हणून मी पत्र्यानं खरवडायला बसलो. आयुष्यात मला मिळालेलं एकुलतं एक "राहू दे" मी असं माझ्या हातानं खरवडून काढलं. मग पांढरा हात देऊन, तो वाळल्यावर ओळ पुन्हा काढली आणि म्हटलं, "डोळा दे."

तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. "पूस," म्हणाला. "पडतंय." मी पुसलं. परत काढलं. परत म्हणाला, "पूस." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज पक्का होता. संध्याकाळच्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा तो ना "पूस" म्हणाला, ना "राहू दे"; रस्ता ओलांडून आला आणि त्यानं शिडी धरली. "उतर आता," म्हणाला. "चहा घेऊ."