आतल्या बाजूचा बोल्ट

माझ्या सासऱ्यांचा देवावर विश्वास होता, आंध्र सरकारवर होता, आदिलाबादच्या नळाला उद्या नक्की पाणी येईल यावरसुद्धा होता. पण दुसऱ्यानं कसलेल्या बोल्टवर त्यांनी जन्मात कधी विश्वास ठेवला नाही. एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. तिथल्या फायली त्यांच्या हातून कोणत्या वेगानं पुढं सरकत हे विचारण्याचं धाडस मी केलं नाही, पण रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून ते मोटारसायकलीसमोर मांडी घालून बसले, की सत्यनारायणाला बसल्यासारखे दिसत. डाव्या हाताला पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले, उजव्या हाताला ग्रीसचा डबा आणि एका वाटीत रॉकेल. ही वाटी मूळची आमटीची. सासूबाईंनी तिच्यावर पाणी सोडलं होतं, पण सासरे मात्र दर वेळी ती घासून परत मांडणीवर नेऊन ठेवत, आणि सासूबाई दर वेळी ती चिमटीत धरून अंगणात आणून ठेवत.

या भक्तीला कारण होतं. कधीकाळी बाजारहत्नूरहून येताना त्यांची गाडी ऐन उन्हात बंद पडली. कार्बोरेटर इंजिनाला दोन बोल्टांनी जोडलेला असतो. एक बाहेरच्या अंगाला, तो कुणालाही दिसतो. दुसरा आतल्या अंगाला, फ्रेमच्या आड, तिथं हात जात नाही आणि नजर तर मुळीच जात नाही. मेकॅनिकनं बाहेरचा मन लावून कसला होता आणि आतला बोटानं फिरवून तसाच सोडला होता. सासरे कापसाच्या बैलगाडीवर मोटारसायकल चढवून घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी गाडीला परका हात लागू दिला नाही. "दिसते तो बोल्ट सगळेच कसतात," ते म्हणत. "हात पोचत नाई तो कोन कसते?" समोर न्हावी असो की नायब तहसीलदार, या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय त्याची सुटका नसे.

अडचण एवढीच, की तो बोल्ट त्यांचाही हात पोचू देत नसे. त्यांचा पंजा भाकरी थापायच्या परातीएवढा. त्यांनी एक पाना चुलीत लाल करून वाकडा केला, सायकलच्या पंपाची नळी कापून दांडा लांबवला, एकदा तर पाय आभाळाकडे करून खालून हात घालून पाहिला आणि मग शेजाऱ्यांनी त्यांना त्या अवस्थेतून सोडवलं. शेवटी ते काम त्यांच्या मुलीकडे आलं. तिचा हात बारीक. ती शाळेत होती तेव्हापासून तो आतला बोल्ट तीच कसत होती, आणि आता तिचं लग्न काढायचं होतं.

यातलं काहीही ठाऊक नसताना मी माझ्या काकांबरोबर मुलगी पाहायला गेलो. मी तेव्हा जैनथच्या शाळेत मास्तर होतो आणि पाहण्याच्या कार्यक्रमासाठी मला पांढरा सदरा घालून पाठवायची चूक माझ्या आईनं केली होती. सासऱ्यांनी मला पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. माझा हात हातात घेतला, पालथा केला, मनगटाभोवती आपली दोन बोटं फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जरा बाहीर येता का, पावने?"

काकांना वाटलं, खाजगीत काही विचारायचं असेल. ते पोह्यांकडे वळले. मला अंगणात गोणपाटावर बसवलं गेलं. कार्बोरेटर आधीच उतरवून, पुसून, पुन्हा जागेवर टेकवून ठेवला होता; म्हणजे बेत आदल्या दिवसापासूनचा होता. माझ्या हातात बोल्ट आणि पाना देऊन ते म्हणाले, "तो आतला लावा. घाई नका करू."

मी हात घातला. हात गेला. सासरे माझ्याकडे असे पाहत होते, की मला वाटलं आता अक्षताच टाकतात. आणि बोल्ट माझ्या बोटांतून सुटला. आत कुठंतरी दोनदा टिणटिण वाजलं.

काका बाहेर आले तेव्हा मी पोटावर आडवा होतो आणि सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत काळी होती. "आपन पोरगी पाह्याले आलो का गाडी?" त्यांनी विचारलं. सासरे गाडीखालून म्हणाले, "जरा थांबा नं. बोल्ट सापडू द्या." काका गावात मानाचे गृहस्थ. लग्नाच्या बोलणीत बोल्ट मध्ये येतो हे त्यांना सोसवलं नाही. त्यांनी चपला घातल्या, मला म्हणाले, "ऊठ. बस निंगून राह्यली."

मी उठलोही असतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ती आली. चहाचा ट्रे नव्हता, मान खाली नव्हती. तिनं माझ्याकडे न पाहता एक वाकडी तार आत घातली आणि बोल्ट ओढून काढला. मग हातातल्या पुरीच्या कणकेची चिमटी पान्याच्या तोंडात दाबली आणि तिच्यात बोल्टचं डोकं रुतवलं. बोल्ट उलटा धरला तरी पडेना.

"बाबा, यांना सांगतलं का, आधी उलटा फिरवायचा म्हनून?"

"राह्यलं सांगायचं," सासरे ओशाळून म्हणाले.

मग तिनं मला सांगितलं. आधी बोल्ट हलकेच उलटा फिरवायचा; आटे एकमेकांत बसले की बोटाला कळतं. मग बोटानं जाईल तेवढा सुलटा. मग पाना. एक बोल्ट पुरा आवळायचा नाही. थोडा हा, थोडा तो, नाहीतर एका अंगाला ओढ बसून जोड वाकडा होतो आणि हवा खातो. "आनि शेवटी जोर नाई करायचा," ती म्हणाली. "हाताले थांब म्हनलं की थांबायचं."

मी लावला. सासऱ्यांनी किक मारली, गाडी एका दमात सुरू झाली. मी काकांना म्हणालो, "तुमी जा बसनं. मी मागून येतो." काका फाटकात उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चपला काढून परत पोह्यांपाशी जाऊन बसले.

लग्न उन्हाळ्यात झालं. निघायची वेळ झाली, बायका रडू लागल्या, भाड्याची जीप दारात घुरघुरत होती आणि मुलीचा बाप कुठं दिसेना. शोधाशोध सुरू झाली, तेव्हा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "साब नीचे हैं." सासरे लग्नाच्या धोतरात जीपखाली होते. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगच्या पाट्यांचा एक बोल्ट ते कसत होते. "रस्ता खराब हाय जैनथचा," खालून आवाज आला.

ते बाहेर आले, उभे राहिले. धोतराचं मातेरं झालं होतं. मुलगी पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तो तसाच हवेत थांबला. दोन्ही पंजे काळे होते आणि तिचा शालू नवा होता. त्यांनी एकदा हातांकडे पाहिलं, इकडंतिकडं फडकं शोधलं. मग त्यांनी कोपर वाकवून आपलं मनगट, जेवढं स्वच्छ होतं तेवढं, तिच्या केसांवर टेकवलं. बराच वेळ तसंच ठेवलं.